पोळ्याला जू न्हाई

जीपीच्या मागं बैलगाडी जोडायची असली तर एक गोष्ट आधीच डोक्यात घालून ठिवा. बैलगाडी सोताहून थांबत नसती. फुडं बैल थांबतो म्हणून ती थांबती. उतारावर बैल पाय रोवतो, मान मागं दाबतो, आन आपल्याला वाटतं गाडी लय शानी हाय. गाडी शानी बिनी काय न्हाई. शाना बैल असतो.

हे मला कुण्या मास्तरानं शिकवलं न्हाई. आमच्या गावच्या येशीत, पोळ्याच्या दिवशी, समद्या गावाच्या डोळ्याम्होरं शिकलो.

निजाम जाऊन सात-आठ वर्सं झाली असतील. मी तवा गंगाखेडात आप्पाराव गुत्तेदाराची, म्हंजी ठेकेदाराची, जीप चालवायचो. लष्कराच्या लिलावातली जीप. तिला चावी न्हवती, खटका व्हता. कोणबी यावं आन चालू करावी. पर कोण करत न्हवतं, कारण थांबवायची कशी ते मला एकट्यालाच म्हाईत व्हतं.

पोळ्याच्या सकाळी आमच्या गावचे किशनराव माझ्याम्होरं येऊन हुबे राह्यले. डोक्याला पटका, खांद्यावर गोंड्याचा नवा कासरा, आन तोंड कोणाच्या तरी मातीला आल्यावानी.

"मुंजाजी, आज इज्जत जायलीय बग."

"कोणाची, दादा?"

"चांद्याची."

चांद्या म्हंजी त्यांचा बैल. आता हे नीट ऐका. किशनराव आन बन्सीधर हे चुलतभाऊ. वाटणी झाली तवा एकाच गाईचे दोन गोऱ्हे दोघांत वाटले. थोरला चांद्या किशनरावाला, धाकटा मोत्या बन्सीधराला. पोळ्याला येशीत तोरण बांधत्यात, त्याच्याखालून पयला जायचा मान चांद्याचा. तो गेल्याबिगर गावातलं एक बी ढोर मारुतीकडं जात न्हाई. आन ह्या साली चांद्याच्या खुरात सळई घुसली, म्हणून त्यो गंगाखेडच्या ढोराच्या दवाखान्यात पडलेला.

"बन्सीनं पंचायत बसवली," किशनराव म्हणले. "दिवस बुडायच्या आत चांद्या येशीतून गेला तर मान त्याचा. न्हाई तर मोत्या जाणार. आन एकदा मोत्या गेला की फुडं पिढ्यान् पिढ्या मोत्याच."

"मग न्या की चांद्याला."

"डागदर म्हणतो, न्या, पर एक पाऊल चालवायचा न्हाई."

"मग बैलगाडीत घाला."

"आन वढायचं कोणी? आज पोळा हाय लेका! आज कोणाच्या मानंवर जू ठिवतो का कोणी?"

खरंच व्हतं. गंगाखेडात त्या दिवशी जिकडं बगावं तिकडं बैलगाड्या रिकाम्या, आन बैल शिंगाला रंग लावून नवऱ्या मुलावानी बसलेले. मी जीपीकडं बगितलं. किशनरावानं बी बगितलं.

आप्पाराव परभणीला गेले व्हते. इचारायचा सवालच न्हवता.

भुजंग लोहाराच्या दारात एक बैलगाडी सुटलेली व्हती. मी जीप मागं घेतली, गाडीचं जू उचललं आन जीपीच्या बुडाला दोरानं करकचून बांधायला लागलो. तर किशनराव बोंबलले, "सोड! आज जू न्हाई!"

"दादा, ही जीप हाय."

"जुवाखाली आलं ते बैल. आन बैलाला आज आराम."

"आवो पर जू मानंवर असतं. जीपीची मान कुठं हाय?"

किशनराव जीपीच्या भवती एक चक्कर मारून आले. फुडं वाकून बगितलं, मागं वाकून बगितलं. "ते मला म्हाईत न्हाई," म्हणले, "पर मान सापडत न्हाई म्हणून पाप टळत नसतं."

भुजंग भात्याजवळ बसून हसायलाता. त्यो म्हणला, "जू काढून टाका. मी आकडा करतो."

त्यानं लगीच लोखंड लाल केलं आन हाताएवढा जाड आकडा वाकवला. मी म्हणलं, मागच्या पत्र्यालाच ठोक. तर त्यो माझ्यावर खेकसला. "पत्र्याला ठोकला तर पत्रा गाडीसंगं राहील आन तू एकटाच गावाला जाशील. चासीला, खालच्या सांगाड्याला लागतो." मग जीपीखाली उताणा पडून त्यानं चासीच्या आडव्या पट्टीला बोल्टानं आकडा आवळला. गाडीच्या दांडीच्या टोकाला जू व्हतं तिथं लोखंडी कडं बसवलं. कडं आकड्यात घातलं, आकड्याच्या तोंडाला आडवी खीळ मारली. आन वरून एक जाड साखळी घेतली, तिचं एक टोक दांडीला आन एक टोक चासीला.

"ही काहून?" किशनराव म्हणले. "आकडा हाय, खीळ हाय."

"खीळ मोडली तर साखळी. आकड्यावर भरवसा ठिवावा, पर एकट्या आकड्यावर न्हाई."

मग चांद्याला आणला. दवाखान्याच्या वट्याला गाडी लावली आन सरळ आत घेतला. आता बैलाचं तोंड फुडं पायजे, म्हंजी वजन फुडं पडतं. किशनराव आडवे आले.

"तोंड मागं करा."

"काहून?"

"फुडं तोंड केलं आन गाडी चालली, तर त्याला वाटंल आपल्याला जुपलंय. पोळ्याच्या दिवशी! जीव तुटंल त्याचा."

चांद्याचं तोंड मागं केलं. लगीच गाडी उलाळ व्हायला लागली, म्हंजी मागून जड आन दांडी वर. भुजंगानं कपाळावर हात मारला आन फुडच्या अंगाला दगडं रचली. दांडी खाली बसली. "ह्याला मधीच बांधा, सरकू देऊ नका. उताराला हळू. आन साखळी सोडू नका," असं तीनतीनदा बजावून त्यो आत गेला.

निघालो. पालमाच्या वाटंनं काळी माती, खड्ड्यात पाणी, पर गाडी मागं लय गुणाची यायलीती. रस्त्यानं लोक शेतातून पळत यायचे. जीप फुडं, मागं बैलगाडी, तिच्यात बैल, आन बैलाचं तोंड गंगाखेडाकडं. एक म्हातारी तर पदर पसरून पाया पडली. कोणाच्या पडली ते तिला बी म्हाईत नसंल.

गावाच्या अलीकडं माळावर किशनराव म्हणले, "थांब जरा, चांद्याला गोंडे बांधतो." मी थांबलो. ते मागं जाऊन काय तरी करून आले. आले ते फडक्यात गुंडाळलेलं एक जड गाठोडं पायाखाली ठिवून बसले. मी इचारलं न्हाई. पोळ्याचं सामान असंल म्हणलं.

आमच्या येशीम्होरं उतार हाय. खाली सारं गाव. गावभरचे बैल येशीच्या भायेर दोन्ही अंगाला हुबे, हलगी वाजायलीती, सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकलेला. येशीच्या तोंडाशी बन्सीधर मोत्याला धरून हुबा. बन्सीधर म्हंजी गावातला समद्यात वजनदार माणूस. त्यो बसला की खाट आधी इचार करायची. शेजारी आश्रुबा आबा, पंचायतीचे थोरले.

उताराच्या वर किशनरावाची बायको धुरपदावैनी ताट घेऊन हुबी. ताटात पुरणपोळी. आमी तिच्या बाजूनं म्होरं गेलो. चांद्याचं तोंड मागं. त्याला आधी वैनी दिसली, मग पोळी दिसली. इतक्या दिवसानं घरची पोळी! त्यानं एक हिसका दिला, दावं तोडलं आन आला की गाडीच्या मागच्या टोकाला.

गाडी उलाळ. दांडी वर. खीळ कडकन मोडली. मला मागं धक्का कळला, पर म्हणलं खड्डा असंल. म्होरं माणसं म्हणून मी ब्रेक दाबला.

किशनराव म्हणले, "मुंजाजी, मागं गाडी हाय ना?"

"हाय की."

"मग ही कोणाची?"

माझ्या उजव्या अंगानं चांद्या चाललेला. गाडीचं मागचं फळकूट चिखलात घासत, दांडी देवाच्या काठीवानी आभाळात, आन चांद्या माझ्याकडं बगत बगत उलटा उताराला. बगण्यात राग न्हवता. पोळी लांब चालली एवढंच दुःख व्हतं.

"हो! हो! थांब!" किशनराव वरडले. कोणाला वरडले? फुडं बैलच न्हवता.

"साखळी!" मी म्हणलं. "साखळी कुठं गेली?"

किशनरावानं पायाखालच्या गाठोड्याकडं बगितलं. "आरं, पोळ्याला जुनं दावं वापरत न्हाईत. मी नवा कासरा बांधला व्हता. गोंड्याचा."

तुटलेला गोंडा गाडीच्या दांडीवर फडफडायलाता, निशाणावानी.

गाव दोन अंगाला पळालं. बन्सीधरानं मोत्याला घिऊन उडी मारली, त्या वजनाला एवढी उडी येती हे गावाला त्या दिवशी कळलं. गाडी सरळ येशीत. दांडीनं तोरण फाडकन तोडलं, आन तीच दांडी येशीच्या दगडी कमानीत अडकून बसली. गाडी अर्धी आत, अर्धी भायेर. चांद्या भायेरच्या अर्ध्यात, तोंड भायेर.

हलगी थांबली.

"तोरण तुटलं! चांद्यानं तोडलं!" किशनराव पळत पळत म्हणले.

"चांद्यानं न्हाई, दांडीनं," बन्सीधर म्हणला. "आन तोंड बगा त्याचं कुठं हाय. ह्यो बैल आत चाललेला न्हाई. भायेर चाललेला हाय."

"गाडी आत चाललीय!"

"मग मान गाडीला द्या. बैल म्हंजी तोंड. तोंड कुठं, बैल तिकडं."

आश्रुबा आबा येशीत आले, वाकले, चांद्याच्या तोंडाकडं बगितलं, मग शेपटाकडं गेले. लय वेळ शेपटापशी इचार केला. "शेपूट बी भायेरच हाय," म्हणले. "त्यो अजून कुठंच गेलेला न्हाई."

सूर्य निम्मा बुडाला. भायेर गावभरचे बैल खोळंबलेले, भुकेले, आन येशीला बैलाचं बूच. गाडी वढायला बैल जुपावा तर पोळा. मी म्हणलं, जीपीनं मागून ढकलतो, पर दांडी कमानीतून सुटल्याबिगर गाडी हलायची न्हाई. फुडच्या अंगाला वजन पायजे. दगडं तर उतारावरच सांडलेली. कमानीखालच्या फटीतून एकच माणूस आत शिरंल अशी जागा.

एकच माणूस. कोण, ते समद्यांना एकदमच सुचलं. सारं गाव बन्सीधराकडं बगायला लागलं.

"मी न्हाई," बन्सीधर म्हणला.

"बन्सी," आबा म्हणले, "दिवस बुडाला आन गावातला एक बी बैल आत गेला न्हाई, तर वरीसभर तुझं नाव निघंल. पोळा बुडवला म्हणत्याल. त्यात तुझा मोत्या बी आला."

बन्सीधरानं मोत्याकडं बगितलं. मोत्या फुडं होऊन चांद्याचं तोंड चाटायलाता. त्याला मानाची काय बी फिकीर न्हवती.

"धर रं ह्याला," म्हणत बन्सीधरानं मोत्याचा कासरा माझ्या हातात कोंबला. त्यो चाकावर पाय देऊन वर चढला, फटीतून आत घुसला, आन दांडीच्या बुडापशी जाऊन बसला. गाडी कुरकुरली. दांडी हळूहळू खाली आली, जशी काय त्याला रामराम करायली.

मोत्याला दुसऱ्याच्या हाती देऊन मी जीपीत बसलो. पयल्यात टाकली, मागच्या फळीला टेकवली.

"ढकल!" आतून बन्सीधर वरडला. "ढकल रं बाबा, लवकर ढकल!"

ढकलली. बन्सीधर फुडं तोंड करून, चांद्या मागं तोंड करून, दोघं पाठीला पाठ लावून येशीतून आत गेले. सूर्याची शेवटची कोर तेवढी राह्यलीती. हलगी कडाडली, मागून मोत्या आन मोत्याच्या मागं सारं गाव.

"चांद्या पयला!" किशनराव नाचायला लागले.

"चांद्या पयला," आबा म्हणले. "ढकल म्हणून बन्सीनंच सांगितलं. आता तक्रार न्हाई. पर बैलात चांद्या पयला. गाडीत म्हणशील तर त्याच्याबी फुडं बन्सी हाय."

धुरपदावैनी ताट घेऊन आली. पयला येशीतून आलेल्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पोळी चारायची, अशी रीत. तिनं गाडीकडं नीट बगितलं. मग तांब्या घेतला आन शांतपणे बन्सीधराम्होरं गेली.

"भावजी, पाय फुडं करा."

बन्सीधर दोन्ही हातानं गाडी धरून बसलेला, उठला तर दांडी पुन्ना वर. त्यानं मुकाट पाय फुडं केले. वैनीनं धुतले, कपाळाला कुंकू लावलं, आन अर्धी पोळी त्याच्या तोंडात दिली. उरलेली अर्धी चांद्याला.

त्या रातीला किशनराव आन बन्सीधर एका ताटात जेवले. वाटणीनंतर दोन वर्सांनी पयल्यांदा.

जेवण उरकल्यावर किशनरावानं पायाखालचं गाठोडं सोडलं आन साखळी माझ्याम्होरं ठिवली. तिला हळद-कुंकू लावलेलं व्हतं.

"दादा, ही बांधायची असती," मी म्हणलं. "पुजायची नसती."

"असं कर," किशनराव म्हणले, "फुडच्या साली दोन्ही करू."