कुंडीतली गोळी

धाकटी सून औषध गिळत नाही, ही मोठीबाईची जुनी तक्रार होती. घरात कुणी शिंकलं की मोठीबाई उरलेल्या गोळ्यांचा डबा काढायची आणि आजाऱ्याबरोबर धडधाकट माणसांनाही एकेक अँटिबायोटिक चारायची. मुलगे, लेक, थोरली सून, सगळे मुकाट गिळत. धाकटी तोंडदेखलं "हो आई" म्हणायची, गोळी गालात धरायची आणि मागच्या दारी कुंडीत थुंकायची. मोठीबाईने खिडकीतून पाहिलं होतं. चडफडली, पण बोलली नाही. आपला शब्द कुंडीत पडतो, हे चारचौघांत कोण सांगेल?

मग तिचीच दाढ सुजली. डब्यातल्या गोळ्यांवर गोळ्या घेतल्या. दाढेची सूज उतरली, पण जुलाब लागले ते लागलेच. डॉक्टरीणबाईंचं औषध चालू तोवर थांबायचे, संपलं की पुन्हा तेच. जिच्या एका खाकरण्यावर पुढच्या खोलीतल्या शिलाई मशिनी वेग घेत, ती आता संडासाच्या दाराआड बसून त्याच मशिनी ऐकायची. कुठली थांबली, कुठे खिदळणं चाललंय, सगळं कळायचं. तरातरा उठून जावं, तर उंबऱ्यापर्यंत पोचायच्या आत पोट मागे ओढायचं. दाव्याला बांधलेल्या गुरासारखी गत.

डॉक्टरीणबाईंनी अख्खं घर समोर बसवलं. गोळ्यांनी आतड्यातले चांगले जंतू मेले आणि रिकाम्या घरात गुंड भाडेकरू शिरले, असं त्यांनी समजावलं. आता निरोगी माणसाच्या शौचातले चांगले जंतू तपासून, गाळून, नळीने आत सोडायचे. मोठीबाई दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी पीत नसे. ती भिंतीकडे बघत राहिली. मात्र एवढ्यात अँटिबायोटिक घेतलेलं माणूस जंतू द्यायला चालणार नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा एकेकाची मान खाली गेली. थोरल्याने घेतली होती, आईने दिली म्हणून. धाकट्याने, लेकीने, थोरल्या सुनेनेही, आईने दिली म्हणूनच.

धाकटीने सासूकडे चोरून पाहिलं. "मीही घेतली," ती पुटपुटली.

मोठीबाईला कळलं, पोरगी भीतीपोटी खोटं बोलतेय. गप्प राहिलं तर मान शाबूत. आणि दावंही शाबूत. तेवढ्यात पोटात कळ उठली.

"हिने नाही घेतली," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "कुंडीत थुंकते. या घरात माझं न ऐकणारी ही एकटीच आहे."

थोरली सून तोंडाला पदर लावून हसली. मोठीबाईने तेही गिळलं.

धाकटीचं रक्त तपासलं, शौच तपासलं, डॉक्टरीणबाई चालेल म्हणाल्या. नळी आत गेली तेव्हा मोठीबाईने डोळे गच्च मिटून घेतले. पुढे हळूहळू पोट निवलं. एका सकाळी ती उंबरा ओलांडून पुढच्या खोलीत गेली, मशिनींमधून फिरली, खाकरली आणि मागे ओढ लागेना. तशीच ती मागच्या दारी आली. धाकटी कुंडीला पाणी घालत होती. सासूला पाहून तांब्या हातातच राहिला.

मोठीबाईने गोळ्यांचा डबा तिच्यापुढे धरला.

"थुंकलीस ते बरं केलंस. डॉक्टरीणबाईंपुढे खोटं बोललीस, ते वाईट केलंस. ऐकणारे मला घरभर आहेत, त्यांचा काय उपयोग झाला ते पाहिलं मी. यापुढे नाही म्हणायचं तर माझ्या तोंडावर म्हण. हा डबा आता तुझ्याकडे. मी मागितला तरी द्यायचा नाही. न ऐकायची सवय तुला आहेच."