बघण्यासारखा पेशंट

हर्निया हा चारचौघांत सांगण्यासारखा आजार नाही, हे टेलरमास्तरांना सरकारी दवाखान्यात आल्यावर कळलं. शेजारच्या खाटेवर एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या हृदयात म्हणे शिट्टी वाजायची. मोठे डॉक्टर रोज शिकाऊ डॉक्टरांचा घोळका घेऊन यायचे, मास्तरांना "काय, बरं ना?" विचारून उत्तराआधीच पुढे सरकायचे आणि ड्रायव्हरच्या छातीपाशी मुक्काम ठोकायचे. सगळे आळीपाळीने शिट्टी ऐकायचे. कुणी म्हणायचं, "वा!" मास्तरांच्या टाक्यांना आजवर कुणी वा म्हटलं नव्हतं. तशी मास्तरांच्या मते ती शिलाईही नीट नव्हती.

त्यात बायको फितूर झाली. आणलेल्या केळ्यांतली चांगली केळी तिने ड्रायव्हरला दिली.

"अहो, केवढं मोठं दुखणं, आणि चेहरा बघा कसा हसरा."

"माझंही ऑपरेशनच झालंय."

"झालं ना? मग आता काय. उद्या घरी सोडतायत."

म्हणजे साधा पेशंट म्हणून आले नि साधेच जाणार. मास्तर रात्रभर जळत राहिले.

सकाळी मोठे डॉक्टर डिस्चार्जच्या कागदावर सही करणार, तोच मास्तर म्हणाले, "साहेब, छातीत कळ येते. डावीकडे."

अख्खा घोळका वळला. गार स्टेथोस्कोप एकामागून एक छातीवर टेकू लागले. मास्तरांनी फोटोला बसल्यासारखा श्वास धरला आणि ड्रायव्हरकडे तिरकं पाहिलं.

"सर, काहीतरी ऐकू येतंय," एक शिकाऊ मुलगी म्हणाली.

"यांचा डिस्चार्ज थांबवा. सगळ्या तपासण्या करा, तोवर उपाशी ठेवा," डॉक्टर म्हणाले. मग ड्रायव्हरकडे वळले. "तुम्ही गोळ्या घेऊन घरी जा. आमचं ऐकून झालं."

ड्रायव्हरने पिशवी भरली. "तब्येत जपा, भाऊ."

"मी यांना गेटपर्यंत सोडून येते," बायको म्हणाली. "एकटेच आहेत बिचारे. आणि डबा नेते, तुम्हाला आज चालणार नाही."

खिडकीतून गेट स्वच्छ दिसत होतं. दोघं झाडाखाली बसली. डबा उघडला. ड्रायव्हर काहीतरी बोलला आणि बायको तोंडाला पदर लावून हसली. गेल्या कित्येक वर्षांत मास्तरांच्या बोलण्यावर ती अशी हसली नव्हती.

शिकाऊ मुलगी परत आली. "काका, पुन्हा एकदा ऐकू का?" तिने स्टेथोस्कोप लावला आणि तिचे डोळे चमकले. "अहो, ठोके तर भलतेच वाढलेत. हलू नका हं, मी सगळ्यांना बोलावते."