नन्नाचा पाढा

बांच्या नंतर आत गेलेली सोमाली बाई हसत बाहेर आली. तिच्या मागून गेलेला जाडजूड मेक्सिकन डोळे पुसत बाहेर आला. त्यांच्याही नंतर नाव पुकारलेलं एक जोडपं खाली जाऊन फोटो काढून मोकळंसुद्धा झालं, आणि बा, म्हणजे माझे सासरे, मात्र अजून आतच. क्लीव्हलँडच्या इमिग्रेशन ऑफिसातल्या त्या खुर्चीत मला बसवेना. उठले की दारावरचा गार्ड माझ्याकडे बघायचा, बसले की पाय आपोआप हलायला लागायचे. तिकडे ॲक्रनहून माझ्या नवऱ्याचे, टीकाचे, सारखे मेसेज. "झालं का? झालं का?" कारखान्यात मशीनपुढे उभं राहून हा माणूस मोबाइल बघत होता. मी लिहिलं, "झालं की सांगते. आधी बोटं सांभाळ."

मला भीती एकाच गोष्टीची होती. बा आत बसून पुन्हा "यस सर, यस सर" करत असतील.

मागच्या खेपेला तेच झालं होतं. नाहीतर आमचे बा, दधिराम तिमसिना, पाठांतरात कुणाला हार जाणारे नव्हेत. भूतानच्या दक्षिणेला वेलदोड्याच्या बागा आणि पूजापाठ सांभाळत वाढलेले ब्राह्मण ते, अख्खी चंडी तोंडपाठ. अमेरिकेच्या नागरिकत्वाच्या परीक्षेचे शंभर प्रश्न त्यांच्यापुढे काय! सकाळी अंघोळ झाली की मांडी घालून, डोळे मिटून, सुरात म्हणायचे. देशाचा सर्वोच्च कायदा राज्यघटना, पहिले तीन शब्द अमुक, सर्वांत लांब नदी तमुक. ऐकणाऱ्याला वाटावं, सत्यनारायण चाललाय. फक्त मधलाच एखादा प्रश्न विचारला की घोडं पेंड खायचं. "बा, सिनेटरची निवड किती वर्षांसाठी?" म्हटलं की बा मनातल्या मनात पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करायचे. ओठ हलत राहायचे आणि इकडे माझा भात शिजून व्हायचा.

मी वैतागले. सगळे प्रश्न कापून त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि तांदळाच्या डब्यात टाकल्या. म्हटलं, "बा, आजपासून तांदूळ तुम्ही काढून द्यायचे. हाताला येईल त्या चिठ्ठीचं उत्तर द्या, मग तांदूळ. उत्तर नाही तर भात नाही."

"ब्राह्मणाला उपाशी मारशील?"

"तुम्ही चुकलात तर आम्ही सगळेच मरू. मीही तोच भात जेवते."

पोटाचा प्रश्न आल्यावर माणूस शिकतो. महिन्याभरात बा कुठूनही विचारलं तरी ताडकन उत्तर द्यायला लागले, आणि मी निर्धास्त झाले. तिथेच फसले.

कारण साहेब नुसतं देशाबद्दल विचारत नाही, तुमच्याबद्दलही विचारतो. देशाच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बांनी अचूक दिली. मग त्यानं अर्जातले प्रश्न काढले. तुम्हाला कधी अटक झाली होती? "यस सर." तुम्ही अट्टल दारुडे आहात? "यस सर." सरकार उलथवणाऱ्या टोळीत कधी होतात? "यस सर." जन्म नेपाळचा, बरोबर? "यस सर." त्या साहेबानं पेन खाली ठेवलं म्हणे. बिचाऱ्यानं नापास करून दुसरी तारीख दिली, आणि ती शेवटची. ती गेली की अर्ज, फी, वाट पाहणं, सगळं पुन्हा पहिल्यापासून. गाडीत टीका हसून हसून लाल झाला. "बा, तुम्ही दारुडे? तुम्ही टोळीत?" मग त्याचं लक्ष आरशात मागच्या सीटकडे गेलं. बा खिडकीला डोकं टेकून बसले होते.

आमच्या गल्लीतले खगेंद्रकाका संध्याकाळी सल्ला द्यायला आलेच. "दधिराम, डॉक्टरकडून लिहून आण, डोकं चालत नाही म्हणून. मी आणलं. परीक्षाच माफ!"

"माझं डोकं चालतं," बा म्हणाले. "तुझं चालत नसेल तर तू खुशाल आण."

काका गेल्यावर बांनी पेटीतून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. माझ्या सासूच्या मृत्यूचा दाखला. त्या नेपाळात बेलडांगीला, भूताननं हाकललेल्या आमच्या लोकांच्या छावणीत गेल्या. देशाच्या रकान्यात नाव नव्हतं, आडवी रेघ मारली होती. "माझ्या दाखल्यावर रेघ नको, बुहारी," बा म्हणाले. आमच्यात सुनेला बुहारी म्हणतात. मी दाखला परत त्यांच्या हातात दिला आणि ठरवलं की आता काहीही झालं तरी या माणसाला 'नो' म्हणायला शिकवायचं.

दुसऱ्या दिवशी टीकाचा कोट अंगात चढवून मी खुर्चीत बसले. सासऱ्यासमोर खुर्चीत बसायची ही माझी पहिलीच वेळ. एरवी सकाळी त्यांच्या पायाला कपाळ लावून दिवस सुरू करणारी मी. तरी आवाज चढवला. "तुम्हाला कधी अटक झाली होती?"

बा हात जोडून, नजर खाली घालून उभे. "यस सर."

"बा! झाली होती का अटक?"

"नाही गं."

"मग नो म्हणा की!"

"यस सर."

पालथ्या घड्यावर पाणी. चार दिवस हेच चाललं. शेवटी मी टेबलावर हात आपटला तेव्हा बा एकदम मागे सरकले आणि भिंतीला टेकले. मी कोट काढून फेकला.

"तुला नाही कळायचं," ते हळूच म्हणाले. "तू छावणीत वाढलीस. खुर्चीतल्या माणसाला नाही म्हणायचं नसतं. भूतानात माझ्या मेव्हण्यानं म्हटलं होतं. त्याला नेलं, तो परत आला नाही. मग माझी पाळी आली. म्हणाले, देश सोडतोस? मी म्हटलं, हो. कागद पुढे केला, सही कर म्हणाले. केली. काय लिहिलंय ते विचारलं नाही. मग एकानं कॅमेरा आणला. म्हणाला, आपल्या खुशीनं चाललायस ना? मग हस. मी हसलो, बुहारी. दात दिसेपर्यंत हसलो."

मला इतका संताप आला की भांडी घासायला घेतली. घासलेलीच पुन्हा घासली. बांचा नाही, त्या खुर्चीचा राग. शेजारच्या शेगडीवर टीकाची कोंबडी शिजत होती. बा कोंबडी-अंड्याला शिवत नाहीत, म्हणून तिचं भांडंसुद्धा वेगळं. काय डोक्यात आलं कोण जाणे, पळीभर रस्सा वाटीत ओतला आणि थेट त्यांच्या नाकाखाली धरला. "बा, हे खाणार?"

"नो!" बा ओरडले. इंग्रजीत! खुर्चीसकट मागे सरकले. "नो, नो! दूर ने ती घाण!"

मी वाटी खाली ठेवली.

"बा," मी म्हटलं, "साहेबानं 'तुम्ही कधी' असं म्हटलं की समजा, त्यानं कोंबडीची वाटी पुढे केली."

त्यानंतर आमच्या घरात नन्नाचा पाढा सुरू झाला. अटक? कोंबडी. "नो." दारुडे? कोंबडी. "नो." टोळीत होतात? "नो, सर, नो!" बा तर रंगातच आले. चहा घेणार का विचारलं तरी नो. टीकानं गाडीची किल्ली कुठंय विचारलं तरी नो. मग मला नवाच घोर लागला, कारण शेवटी साहेब विचारतो, या देशाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्याल? तिथे नो म्हणाले की संपलंच सगळं! मग मी तिथे खिरीची वाटी ठेवली. शपथ म्हणजे खीर. कोंबडी, कोंबडी, कोंबडी, खीर. सकाळी गाडीतसुद्धा बा डोक्यावरची टोपी सारखी करत हेच पुटपुटत होते.

आणि आता ते आत होते आणि बाहेर येत नव्हते. खिरीला नो म्हणाले असतील. नाहीतर कोंबडीला यस. नाहीतर साहेबानं टेबलावर हात आपटला असेल आणि बा भिंतीला टेकून उभे असतील. मी गार्डकडे गेले. "माझे सासरे आत आहेत, म्हातारे आहेत, जरा बघता का?"

"ताई, बसा," तो म्हणाला. "तुम्ही फेऱ्या मारून मारून माझीच परीक्षा घेताय."

मी बसले. पुन्हा उठले. तेवढ्यात दार उघडलं.

पुढे बा, मागे दार धरून साहेब. साहेबाचा टाय सैल झालेला आणि चेहरा थकलेला. बांच्या हातात कागद होता. माझ्याकडे न बघता ते सरळ लिफ्टकडे निघाले, मी मागून धावले.

"बा, काय झालं? बोला ना!"

"पास," बा म्हणाले.

मी लिफ्टमध्येच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. शेजारचे गोरे आजोबा घाबरून कोपऱ्यात सरकले.

"मग इतका वेळ कसला लागला? माझा जीव गेला असता इथे!"

"देशाचे प्रश्न लगेच झाले. कोंबडीचेही झाले. मग तो म्हणाला, जन्म नेपाळचा ना? मी म्हटलं, नो."

"बा, ते तर मी शिकवलंच नव्हतं!"

"तू कशाला शिकवायला हवंस? अर्ज भरणाऱ्यानं चुकीचं लिहिलं, आणि मागच्या वेळी मीही यस म्हणून बसलो. जन्म भूतानचा. त्यांनी हाकललं म्हणून काय मी दुसरीकडे जन्मलो? त्यानं खोडून भूतान लिहिलं. खीर झाली, शपथेला यस म्हटलं. मग त्यानं कागद पुढे केला. म्हणाला, सही करा."

लिफ्ट थांबली.

"मी म्हटलं, नो."

"अगं आई गं!"

"म्हटलं, नो सर. फर्स्ट, रीड. त्यानं खरंच भूतान लिहिलं का ते बघायला नको? बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. अडलं की त्याला विचारलं. तो दोनदा म्हणाला, घाई नाही. पाणी प्यायला, पण ओरडला नाही. सगळं वाचून झालं, मग केली सही. बुहारी, खुर्चीतला माणूस थांबला माझ्यासाठी."

पार्किंगमध्ये बर्फ साचला होता, त्यात पाय रोवून बा उभे राहिले, टोपी सारखी केली आणि तो कागद छातीशी धरला. टीकाला पाठवायला मी मोबाइल वर केला आणि सगळे म्हणतात तसं सवयीनं म्हणून गेले, "बा, हसा जरा."

म्हटलं आणि जीभ चावली.

बांनी थेट मोबाइलकडे बघितलं. "नो," ते म्हणाले.

मी बटण दाबलं. तो फोटो आता आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. खगेंद्रकाका आले की दर वेळी विचारतात, पास होऊनही दधिरामचा चेहरा असा कडू का? दुसरा चांगला काढून लावा की. बांना मात्र तोच आवडतो.