दिवा दिसला तरच

अर्धे डॉक्टर अंधाऱ्या खोलीत शिरले आणि खोली आपल्याच मालकीची असल्यासारखे खुर्चीत रेलले. खरं तर ते औषधांचे दुकानदार. पण गल्लीत कुणाचं काही दुखलं की डॉक्टरची चिठ्ठी न मागता बाटली काढून द्यायचे, म्हणून लोकांनीच त्यांना ही पदवी बहाल केली होती. त्यातली थट्टा त्यांना कधी कळली नाही, उलट छाती फुगायची.

मशीनपाशी उभ्या असलेल्या मुलीनं त्यांना आवाजावरूनच ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. पंधरा वर्षांपूर्वी दोन वेण्या घातलेली हीच पोर त्यांच्या काउंटरवर टाचा उंचावून म्हणायची, "काका, आईचे डोळ्यांचे थेंब."

आई कपड्यांच्या कारखान्यात काजं करायची. दिवसभर बारीक काम, डोळे लाल व्हायचे, चुरचुरायचे. अर्धे डॉक्टर म्हणाले होते, "डॉक्टरकडे कशाला जाता वहिनी? हे घाला, मी स्वतः घालतो. दोन दिवसांत डोळे लख्ख." झालेही लख्ख. म्हणून आईनं ते दोन वर्षं घातले. त्या बाटलीत स्टिरॉइड होतं. डोळ्यांतला दाब चढत गेला, मागची नस सुकत गेली, आणि दुखलंखुपलं काहीच नाही. काचबिंदू असाच मुकाट्यानं येतो. आई दाराच्या चौकटीवर आपटायला लागली तेव्हा उजवा डोळा गेला होता आणि डाव्यात किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच उरलं होतं. ऑपरेशन झालं, दाब उतरला. गेलेली नजर मात्र परत आली नाही, ती कुणाचीच येत नाही.

मुलगी पुढे शिकून डोळ्यांच्या दवाखान्यात लागली, नजरेचा घेर तपासायच्या मशीनवर. लोक म्हणाले, आईवर किती माया! माया होतीच, पण निम्मा तरी राग होता. "मी स्वतः घालतो" हे वाक्य ती विसरली नव्हती. आज ना उद्या हा माणूस या खुर्चीत येऊन बसणार, याची तिला खात्री होती.

आणि आज बसला होता. कागदावर दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमनी लिहिलं होतं: दाब काठावर, नस संशयास्पद, घेर पाहून ठरवू. म्हणजे सगळं हिच्या हातात.

"हनुवटी इथे टेका," ती म्हणाली. "मधल्या दिव्याकडे बघत राहा. आजूबाजूला बारीक दिवे लागतील. दिसला की बटण दाबा."

"पास व्हायला किती लागतात?" त्यांनी हसत विचारलं.

हे पुष्कळजण विचारतात. आणि प्रत्येकाला ती सांगते, की बाबांनो, ही परीक्षा नाही, दिसला तरच दाबा. आज ती म्हणाली, "जितके जास्त, तितकं चांगलं."

अर्धे डॉक्टर हुशार माणूस. प्रत्येक दिव्याआधी मशीन बारीक कट्ट करतं, हे त्यांनी मिनिटभरात हेरलं आणि कट्ट झालं की बटण असा सपाटा लावला. दिवा न लावता मशीन नुसतंच कट्ट करायचं, तेव्हाही ते दाबत होते. ती बाजूला उभी राहून बघत होती.

कागद बाहेर आला. नजर एकदम स्वच्छ! खाली कोपऱ्यात दिवा नसताना दाबलेल्या बटणांचा आकडा चाळीस टक्क्यांच्या वर होता, पण मॅडम तो बघत नसत. त्या बघत तिचा शेरा. तिनं लिहिलं, "तपासणी विश्वासार्ह," आणि कागद फाइलमध्ये सरकवला. आता वर्षभर यांना कुणी बोलावणार नाही. तेवढ्यात उरलेली नस सुकेल. हातपाय न हलवता सूड!

"झालो ना पास?" बाहेर जाताना त्यांनी विचारलं.

"पहिल्या नंबरानं," ती म्हणाली.

जेवणाच्या सुट्टीत तिनं आईला फोन केला. सगळं सांगितलं, शेऱ्यासकट. आई खूश होईल असं तिला वाटलं होतं.

"मूर्ख आहेस," आई म्हणाली.

"त्याची दया येते तुला?"

"दया? माझी जळफळ तुला काय माहीत! अगं, तो आंधळा झाला तर म्हणेल, नशीब. माझं तोंड त्याला परत कधी दिसणारच नाही. सुटलाच की तो! इतकी वर्षं झाली, मी त्याच्या दुकानावरून जाते तेव्हा तो मान वळवतो. तुझी मावशी सांगते मला." आईचा आवाज चढला. "त्याचे डोळे टिकव. चांगले वीस वर्षं टिकव. मला त्याला दिसायचंय."

मुलगी धावतच मॅडमच्या खोलीत गेली. फाइल अजून ढिगात खालीच होती. तिनं शेरा खोडला आणि बाहेर मॅडमची वाट बघत बसलेल्या अर्ध्या डॉक्टरांना बाकड्यावरून उठवून पुन्हा आत आणलं.

"कागद खोटा आलाय. आवाजावर दाबायचं नाही. दिवा दिसला तरच."

या वेळी ते नीट बसले. कट्ट. बोट हललं नाही. कट्ट. कट्ट.

"मशीन बंद पडलं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. दिवे लागतायत," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाहीयेत."

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावर दोन्ही डोळ्यांत वरच्या बाजूला काळा पट्टा उमटला होता.

"पण मला तर सगळं नीट दिसतंय!"

"माझ्या आईलाही दिसत होतं. काजं करायची ती. तुम्ही तिला वहिनी म्हणायचात."

अर्ध्या डॉक्टरांनी मान वर केली. खोलीतला दिवा लावायला ती जागची हलली नाही.

त्यांचे थेंब सुरू झाले, या वेळी खरे, आणि जुनी स्टिरॉइडची बाटली कायमची सुटली. दाब उतरला. तपासणीच्या दुसऱ्या दिवसापासूनच आई सकाळी मावशीचा हात धरून दुकानात जाते, काउंटरसमोरच्या बाकड्यावर बसते, चेहरा बरोबर त्यांच्याकडे करून. भांडत नाही, शिव्या देत नाही. कुणी आलं आणि म्हणालं, "डोळे लाल झालेत, द्या काहीतरी," की अर्ध्या डॉक्टरांनी तोंड उघडायच्या आत बाकड्यावरून खणखणीत आवाज येतो, "चिठ्ठी आहे का?" तिला हाकलायची सोय नाही. हाकललं तर लोक कारण विचारतील, आणि ती सांगेल.

तीन महिन्यांनी ते पुन्हा मशीनपाशी आले. वजन उतरलं होतं. मुलीनं जुना कागद बघितला. नीट थेंब घातले तर उरलेली नजर जन्मभर पुरली असती.

"वहिनी..." ते खाली बघत पुटपुटले, "अजून किती दिवस येणार आहेत?"

"तुम्हाला दिसतायत तोवर," ती म्हणाली आणि त्यांच्या एका डोळ्यावर पट्टी चढवली. "हनुवटी टेका."