दहा पाउंड जास्त

सत्य हे चाकातल्या हवेसारखं असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण कमी पडलं की माणसाला जमीन दाखवतं. हा विचार वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांनी रविवारी सकाळी बेसिनसमोर उभं राहून आरशातल्या स्वतःला ऐकवला. तोंडात टूथपेस्टचा फेस होता. दाराबाहेर उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोला त्यातलं फक्त ‘जमीन’ एवढंच कळलं, आणि तिने फरशी पुसायचं फडकं दारातून आत सरकवलं.

फरशी पुसून निरीक्षक गॅरेजमध्ये आले. आज त्यांना सत्याची गरजही जरा जास्तच होती, कारण आज व्याही यायचे होते.

एकतीस वर्षं निरीक्षकांनी दुकानोदुकानी जाऊन काटे तपासले होते. कोणी पारड्याखाली मेण चिकटवलंय हे त्यांना मालकाच्या हसण्यावरून कळे. माणसाचं वजन तर ते नुसत्या नजरेने सांगत, अर्ध्या किलोपर्यंत बरोबर, आणि न विचारता सांगत. त्यामुळे नातेवाइकांकडची आमंत्रणं त्यांना थोडी उशिरा मिळत. निवृत्तीनंतर त्यांनी पातळ चाकांची, वाकड्या हँडलची रेसची सायकल घेतली आणि तिच्यासोबत एक उभा पंप घेतला. सायकल त्यांना आवडत होती. पंपावर त्यांचं प्रेम होतं. पंपाला तळाशी काटा होता.

आपल्याला वाटतं हवा म्हणजे हवा. चाक कडक लागलं की झालं. निरीक्षकांना असं बोलणाऱ्याची कीव येई. टायरवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्त किती भरावं याचा असतो, तिथपर्यंत भरलंच पाहिजे असा नव्हे, हे त्यांचं अख्ख्या गल्लीला समजावून झालं होतं. किती भरायचं हे बसणाऱ्याच्या वजनावर ठरतं. म्हणून त्यांनी सुवाच्य अक्षरात एक तक्ता करून भिंतीवर लावला होता: डावीकडे वजनाचे किलो, उजवीकडे हवेच्या दाबाचे पाउंड, आणि खाली लाल शाईत, ‘मागच्या चाकात चार पाउंड अधिक’. तक्ता लागल्यापासून शेजारच्या बायकांनी त्यांच्याकडे हवा भरायला येणं बंद केलं. पंपाचा काटा ब्याण्णववर थांबला की तक्त्यावर बोट ठेवून कोणालाही बाईंचं वजन वाचता येई.

व्याह्यांची गोष्ट जरा नाजूक होती. ते निवृत्त मुख्याध्यापक. आवाज भरदार, देह त्याहून भरदार, आणि चाळीस वर्षं ‘सर म्हणतात ते बरोबर’ असं ऐकायची कानांना सवय. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या लग्नात निरीक्षकांनी, केवळ सवयीने, मिठाईवाल्याचा काटा तपासला. तो किलोमागे वीस ग्रॅम खात होता. मिठाईवाला मुख्याध्यापकांचा मावसभाऊ निघाला. तेव्हापासून दोघे व्याही एकमेकांशी फक्त हवापाण्याबद्दल बोलत.

आता डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मुख्याध्यापकांनी सायकल घेतली होती, आणि निरीक्षकांच्या लेकीने फोन करून बापाला बजावलं होतं, की माझ्या सासऱ्यांना आज तलावापर्यंत घेऊन जा आणि हसत परत आणा. निरीक्षक म्हणाले, हसण्याची जबाबदारी मी कशी घेऊ? त्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “बाबा, तुम्ही भांडून घरी जाल. मला त्याच घरात राहायचंय.”

हे वाक्य निरीक्षकांना लागलं होतं.

सातच्या ठोक्याला मुख्याध्यापक आले. नवी कोरी सायकल हाताने ढकलत आणली होती, कारण चाकं बसली होती. आल्या आल्या त्यांनी भिंतीवरचा तक्ता पाहिला, चष्मा वर करून वाचला, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये शिरलेल्या माणसासारखे सावध उभे राहिले.

निरीक्षकांनी काम सुरू केलं. व्हॉल्व्हची टोपी काढली. टोकावरची इवलीशी चकती सैल केली आणि बोटाने टिचकी मारल्यासारखी दाबली, फुस्स झालं. ही चकती सैल न करताच लोक पंप मारतात, त्यांनी व्याह्यांना समजावलं. मग नळीत हवा कोंडते, काटा उड्या मारतो, आणि माणूस स्वतःच्या ताकदीवर खूश होतो. चाक मात्र तसंच. मुख्याध्यापक म्हणाले, असे विद्यार्थी त्यांनी पुष्कळ पाहिलेत. इथवर सगळं छान चाललं होतं. पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर सरळ बसवून, खटका वर करून, दोन्ही पाय पंपाच्या पायांवर रोवून निरीक्षकांनी अगदी सहज, वर न बघता, विचारलं, “वजन?”

“चौऱ्याहत्तर,” मुख्याध्यापक म्हणाले.

निरीक्षकांनी वर बघितलं. समोर किमान अठ्ठ्याऐंशी किलो उभे होते. नवी बनियन त्यांच्या बाजूने साक्ष देत नव्हती. एकतीस वर्षांत चौदा किलोची तफावत निरीक्षकांनी कोणाला पचू दिली नव्हती. दुकानं सील झाली होती त्यापायी. त्यांची जीभ टाळ्याला लागली, ‘अठ्ठ्या’पर्यंत आलीसुद्धा. मग त्यांना लेकीची शांतता ऐकू आली.

“व्वा, आटोपशीर,” ते म्हणाले, आणि हात सरळ ठेवून, अंगाचा भार देत पंप मारू लागले. पुढे ब्याऐंशी, मागे शहाऐंशी. काटा व्याह्यांना दाखवला. व्याह्यांनी तक्त्याशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. दोघांच्याही तोंडावर सरकारी समाधान होतं.

तेवढ्यात आतून चहाची हाक आली. मुख्याध्यापक आत गेले. निरीक्षक म्हणाले, आलोच, साखळीला तेल घालतो. तेल घालायचं काहीच नव्हतं. त्यांनी गॅरेजचं दार लोटलं, पुन्हा चकती सैल केली, पुन्हा तोंड बसवलं आणि दोन्ही चाकांत दहा-दहा पाउंड जास्त हवा भरली. खटका पाडून नळी ओढली तेव्हा फुस्कारा आला. तो नळीतल्या हवेचा असतो, चाकातल्या नव्हे, हे माहीत असूनही ते दचकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माप चोरून केलं होतं, आणि तेही बरोबर करण्यासाठी. मन एकदम हलकं झालं. खोटं बोलूनही काम चोख करता येतं, ही सोय त्यांना नोकरीत असताना कोणी सांगितली नव्हती.

मग स्वतःच्या सायकलीकडे वळून, तक्त्याकडे न बघता, पाठ असलेले आकडे त्यांनी भरले. पंचाहत्तर, एकोणऐंशी.

रस्ता मोकळा होता. मुख्याध्यापक सुरुवातीला बिचकत, मग रंगात येऊन चालवू लागले. चाक कसं पळतंय, नाही? म्हणाले. हवा बरोबर असली की पळतंच, निरीक्षक म्हणाले, आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. तलावाच्या अलीकडच्या उतारावर दोघे एकामागोमाग सुटले. रस्त्यावर धारदार कडांचा एक खड्डा होता. पुढे असलेले मुख्याध्यापक त्यातून धाडकन गेले आणि पार झाले. मागून निरीक्षक त्याच खड्ड्यातून गेले. खाड असा आवाज आला, आणि पुढच्या वीस पावलांत मागचं चाक रिमवर खडखडू लागलं.

निरीक्षकांचा विश्वास जराही डळमळला नाही. रस्त्याच्या कडेला सायकल उलटी करून त्यांनी ट्यूब बाहेर काढली आणि व्याह्यांना दाखवली. एकमेकांशेजारी दोन बारीक चिरा होत्या. “हे बघा, सापाने डसल्यासारख्या,” ते शिकवू लागले. “खिळा असता तर एकच भोक. दोन चिरा म्हणजे ट्यूब रिममध्ये चिमटली. हे होतं कधी? वजनाच्या मानाने हवा कमी असली की.”

बोलून झाल्यावर ते थांबले.

“तुमचं वजन किती?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

“सहासष्ट.”

“केव्हा?”

निरीक्षकांनी ट्यूबच्या चिरा पुन्हा तपासल्या. सहासष्ट हा आकडा त्यांच्या निवृत्तीच्या वैद्यकीय दाखल्यावर होता, सही-शिक्क्यासह. त्याला सहा वर्षं झाली होती. इतरांना नजरेने तोलणारा माणूस स्वतःच्या बाबतीत कागदावर विसंबून होता. “निवृत्तीच्या दिवशी,” ते म्हणाले.

मुख्याध्यापक हसले नाहीत. फळ्यावरचं गणित तपासत असल्यासारखे ते आपल्या सायकलीकडे बघत राहिले. निरीक्षकांना तो चेहरा आवडला नाही.

“मी त्याच खड्ड्यातून गेलो,” मुख्याध्यापक सावकाश म्हणाले. “माझं चाक शाबूत आहे. चौऱ्याहत्तरची हवा भरलेलं चाक.”

आता सुटका नव्हती. निरीक्षकांच्या डोळ्यांपुढे लेकीचं घर आलं, त्यातली जेवणाची खोली आली, आणि तिथली पुढच्या वीस वर्षांची हवापाण्याची बोलणी आली. एखादी थाप सुचते का, ते त्यांनी पाहिलं, पण सराव नव्हता.

“तुम्ही चहाला गेल्यावर मी दहा पाउंड जास्त भरले,” ते म्हणाले. “तुम्ही पडू नये म्हणून.”

“म्हणजे मला किती धरलंत?”

“अठ्ठ्याऐंशी.”

एक मोटार गेली. तलावावरून वारा आला आणि उलट्या सायकलीचं पुढचं चाक आपल्या आपण फिरू लागलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“एक्याण्णव,” ते म्हणाले. “परवाच्या दिवशी, डॉक्टरांकडे. बूट काढून.”

निरीक्षकांना एकाच वेळी अतिशय बरं वाटलं आणि अतिशय वाईटही वाटलं. बरं अशासाठी, की व्याही रागावले नव्हते. वाईट अशासाठी, की नजर तीन किलोने चुकली होती. मुख्याध्यापकांनी आणखीही एक सांगून टाकलं. मिठाईवाला मावसभाऊ वीस नव्हे, चाळीस ग्रॅम खायचा. लग्नाआधी त्यांनीच त्याला दम देऊन वीसवर आणला होता, आणि एवढं करूनही आपण पकडले गेलो याचा त्यांना राग होता. यावर मात्र दोघेही हसले, आणि मुख्याध्यापकांचं हसणं तर तलावाच्या पलीकडून परत आलं.

दुसरी ट्यूब घातली. हातपंप टीचभर होता आणि त्याला काटा नव्हता. अर्धी हवा मुख्याध्यापकांनी भरली, अर्धी निरीक्षकांनी, आणि मोजायचं साधन नसल्याने दोघांनी आळीपाळीने अंगठ्याने चाक दाबून पाहिलं. निरीक्षकांनी आयुष्यात कधी न उच्चारलेला ‘अंदाजे’ हा शब्द उच्चारला. मग उभं राहून, छाती काढून, त्यांनी जाहीर केलं, की आजपासून आपल्या दोन्ही घरांत जे असेल ते स्वच्छ सांगायचं, लपवाछपवी बंद. माप म्हणजे माप. मुख्याध्यापकांनी गंभीरपणे हात पुढे केला. दोघांनी हस्तांदोलन केलं.

सायकलवर बसण्यासाठी निरीक्षकांनी पाय टाकला, तसे ते अर्ध्यातच थबकले. मागे-पुढे कोणी नाही ना, हे बघून त्यांनी व्याह्यांच्या कानाशी तोंड नेलं.

“व्याहीबुवा, एक काम होतं. तुम्ही सायकल घेतलीत त्या दुकानात गेलात तर माझ्यासाठी सायकलवर घालायची एक चड्डी आणाल का? तुमच्या मापाची. दुकानदाराला सांगा, तुम्हालाच हवीय म्हणून.”