रंभाबाईंची दोन पोती

नातेपुत्याजवळ मानसिंगरावांच्या मळ्यात मी उसाच्या दोन तुकड्यांवर नावांच्या दोन फळ्या रोवल्या, तेव्हा शेतकी खात्यातली माझी नोकरी हंगामी होती. पुढच्या माघात पुण्याहून साहेब येतील, दोन्ही तुकड्यांचा गूळ पाहतील आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते ठरवतील, असं मला लेखी कळवलेलं होतं.

प्रयोग सोपा होता. वीस-वीस गुंठ्यांचे दोन तुकडे, बेणं एकच, पाणी एकाच पाटाचं. ‘गावची रीत’ या तुकड्याला अमोनिया सल्फेटची चार पोती, नेहमीप्रमाणे एकदम फेकून. ‘सरकारी रीत’ला दोनच पोती, पण चार हप्त्यांत, मुळाजवळ, मातीआड. नत्र फार झालं की ऊस नुसता पाला वाढवतो, लोळतो आणि रसाची गोडी उतरते. वर फेकलेलं बरंचसं खत तर पाण्याबरोबरच जातं. हे सगळं मी मानसिंगरावांना आणि त्यांच्या आईला, रंभाबाईंना, बांधावर बसून समजावलं.

“म्हंजी सरकारच्या उसाला आमच्या निम्मं?” रंभाबाईंनी विचारलं.

“निम्मं. तेवढं पुरतं.”

“बरं बाबा,” त्या म्हणाल्या आणि मी नको म्हणत असताना तिसरी भाकरी वाढली.

दर पंधरवड्याला मी सायकलवरून जाऊन उसाची उंची मोजत असे. श्रावणात माझा तुकडा शेजारच्यापेक्षा हिरवागार, जवळजवळ काळा दिसू लागला. निम्म्या खतावर! इथं शंका घ्यायला हवी होती, आणि ती घ्यायचं शिक्षण त्या मळ्यात फक्त माझं झालं होतं. मी मात्र मुळांच्या शोषणशक्तीवर चार पानी टिपण लिहून साहेबांना पाठवलं. ‘उत्तम’ असा शेरा आला. दिवाळीत माझा ऊस लोळला, त्याचा दोष मी वाऱ्याला दिला.

माघात साहेब आले. भोवती चाळीसेक बागाईतदार जमले. सिदू गुळव्यानं आधी माझा रस काहिलीत घेतला. तासन् तास जाळ घातला, पण पाकाची गोळी धरेना. शेवटी वाफ्यात ओतलं ते काळपट आणि चिकट.

“ह्याची ढेप न्हाय व्हायची, साहेब,” सिदू म्हणाला. “काकवी म्हणून भाकरीसंगं खावा की!”

लोक हसले. दुसऱ्या काहिलीतला, ‘गावच्या रीती’चा गूळ पिवळाधमक आणि टणक निघाला.

“अगं बया!” रंभाबाई पुढं आल्या. “एवढं घालून बी?”

“एवढं म्हणजे किती, आजी?” मी विचारलं.

“चार पोती की. दोन तुमची, दोन आमच्यातली.”

“तुमच्यातली कशाला?”

“मग? पावन्याला निम्मं वाढायचं आन् आपुन पोटभर जेवायचं? आमच्या घरात न्हाय चालत तसलं. तुमी हप्ता घालून गेला की मागनं गडी आमच्यातलं घालायचे.”

“आणि तुमच्या तुकड्याला?”

“ऱ्हायली ती दोन. कमी हाय म्हणून जपून घातली, चार येळा, मुळाशी. गड्यास्नी तुमीच शिकवलं हुतं की.”

मला आनंद आवरेना. माझं म्हणणं तंतोतंत सिद्ध झालं होतं, फक्त दुसऱ्याच फळीखाली. मी ते साहेबांना घाईघाईनं सांगितलं.

“म्हणजे वर्षभर तुम्हाला पत्ता नव्हता,” साहेब म्हणाले. “आणि ते टिपण?”

“चुकीचं आहे.”

“ते मी वर पाठवलंय.” त्यांनी टोपी घातली. “आणखी एक वर्ष हंगामी. प्रयोग पुन्हा करा.”

नव्या लागणीला मला चार पोती एकदम फेकणारा बागाईतदार हवा होता. आसपासच्या गावांत एकही सापडला नाही. सगळे आता दोनच पोती घालतात, चार हप्त्यांत, मुळाशी. “ही रंभाबाईची रीत,” ते मला समजावून सांगतात. “सरकारी रीतीनं गूळ चिकट व्हतो, साहेब. तुमी तरी कशाला त्या नादाला लागता?”

तुलनेला तुकडा नाही म्हणून प्रयोग झाला नाही, आणि प्रयोग झाला नाही म्हणून मी अजून हंगामी आहे.