पहिला ‘व्हय म्हाराजा’ कोणाचा?

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, लालबागच्या एका चाळीतल्या भजनी मंडळाचा. जाळीला पोचे आलेत, पण आवाज अजून खणखणीत आहे. स्वतःची स्तुती करायला मी कधीच लाजलो नाही. माझा दांडा मात्र पुरुषांच्या उंचीला गंजून बसलाय. तो खाली करायची वेळच कोणावर आली नव्हती.

गिरण्यांच्या संपात मी गेटवरच्या सभांत घसा फुटेस्तोवर ओरडलो. पुढे गिरण्या बंद पडल्या आणि काही रिकामे हात बायकांवर उठू लागले. काही तर आधीपासूनच उठत होते. तेव्हा दादरहून समाजकार्यकर्त्या कांताबाई आल्या आणि मारणाऱ्या नवऱ्यांसाठी त्यांनी चाळीच्या चौकात दर रविवारी वर्ग सुरू केला.

राजाराम त्या वर्गातला पहिल्या नंबरचा विद्यार्थी. माझ्यापुढे उभा राहून इतकं गोड बोले की मलाही भरून येई. त्याची बायको बकुळा मुलीला घेऊन भायखळ्याला आईकडे राहत होती. वर्ग संपला की राजाराम सुधारला, आणि दुसऱ्याच दिवशी तिने नांदायला यायचं, असं वडीलधाऱ्यांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटच्या रविवारी नारळ ठेवला. आमची माणसं कोकणातली, गाऱ्हाण्याशिवाय काही तडीस जात नाही. म्हाताऱ्या दत्तारामांनी देवाला सांगायचं आणि साऱ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ते पक्कं करायचं.

“बा देवा म्हाराजा, ह्यो राजाराम आता सुधारलो हा. त्याचो संसार परत उभो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” पुरुष गरजले. बायका गप्प.

दत्तारामांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा अर्धाच होकार. अर्ध्या होकाराचं गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे चाळीतलं शेंबडं पोरही जाणतं. माझ्या तारेतून नुसत्या मुंग्या धावल्या. आज काहीतरी होणार होतं.

चाळीतल्या सुभद्रामावशीने मला दांड्यावरून उपटलं आणि बकुळाच्या हातात दिलं.

“देवाक सांगलात,” बकुळा म्हणाली, “पण आमका कोणी विचारल्यान?” ती राजारामकडे वळली. “ह्यो वर्गात ‘चुकलंय’ म्हणता. भायखळ्याच्या जिन्यात माझ्या कानाशी म्हणता, ‘घरी चल, मगे दाखवतंय.’ ह्येची पावलां वाजली की माझा चेडू, माझी पोर, अजून खाटेखाली जाता.”

“खोटा बोलता ती!” राजाराम उठला.

“बसा,” कांताबाई म्हणाल्या. “तुम्हाला वर्गभर ऐकलं. बकुळाताई, आमचं चुकलं. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं. आता आम्ही काय करू?”

“घरात काय करता ता विचारा. आणि आमका एकट्यांक विचारा, ह्येच्या म्होरे नको.”

मित्रांनो, मी आयुष्यभर टाळ्या ऐकल्या, पण त्या दिवशी बायकांच्या बांगड्यांचा जो आवाज झाला तसा कधी ऐकला नाही. बकुळा दुसऱ्या दिवशी नांदायला गेली नाही. तेव्हापासून कांताबाई आधी सुभद्रामावशीच्या खोलीत दार लावून बायकांचं ऐकतात, मग वर्ग घेतात. बायकोने आत होकार दिला तरच नारळ निघतो, आणि पहिला ‘व्हय’ तिचाच. वर्गातल्या महादेवच्या वेळी त्याच्या बायकोने, तुळसाने, तो इतक्या ठामपणे म्हटला की मी शिट्टीच मारली.

आता मी कपाटात असतो. मला पुसा, जपा, गंजू देऊ नका. पण कोणी ‘मी सुधारलो’ म्हणू लागला, तर आधी मला बंद करा आणि त्याच्या घरच्यांचं ऐका. माईक असून सांगतोय.

राजारामचं गाऱ्हाणं अजून अर्धंच आहे.